पुढचं अक्षर लघु की गुरू?

नववीत मराठी व्याकरणाच्या तासाला बाईंनी फळ्यावर खुणा काढायला सुरुवात केली. अर्धचंद्र म्हणजे लघु, आडवी रेघ म्हणजे गुरू. लघु, गुरू, गुरू. पुन्हा लघु, गुरू, गुरू. आणखी एकदा तेच. नऊ खुणा झाल्यावर खडू हवेत धरून त्यांनी विचारलं, "आता काय येणार?" आख्खा वर्ग ओरडला, "लघु!" बाईंना भुजंगप्रयात वृत्त शिकवायचं होतं, ते शिकवून झालं आणि घंटा वाजली.

पुढे संख्याशास्त्र शिकलो, मग शिकवायला लागलो, तेव्हा तो फळा वेगळाच दिसू लागला. त्या नऊ खुणांत गुरू सहा होते आणि लघु तीन. निव्वळ मोजणी करणारा माणूस म्हणाला असता, गुरू दुप्पट आलेत, तेव्हा पुढचाही गुरूच असण्याची शक्यता जास्त. त्याची मोजणी बिनचूक होती, पण अंदाज चुकला असता. चाळीस मुलांतल्या एकालाही तसं वाटलं नाही. का वाटलं नाही, या प्रश्नाभोवतीच हे पुस्तक फिरतं.

दोनच शक्यता असलेल्या गोष्टींची माळ आपल्या समोर रोज येते. छापा-काटा, पावसाचा दिवस-कोरडा दिवस, एकी-बेकी, गाडी वेळेवर-उशिरा. एकीला १ म्हणा, दुसरीला ०. आतापर्यंतची माळ हातात आहे. पुढचा मणी कोणता? इतका छोटा प्रश्न, पण त्याच्यामागे अडीचशे वर्षं पाद्री, खगोलशास्त्रज्ञ, तत्त्वज्ञ, जुगारी आणि टेलिफोन कंपनीतले इंजिनिअर लागलेले आहेत. त्यांच्यात पक्ष पडले, पण भांडण मोजणीवरून कधीच नव्हतं. आजची परिस्थिती मागच्या कोणत्या परिस्थितीसारखी आहे, म्हणजे भूतकाळातली कोणती पानं उघडून मोजायची, यावरून होतं. माझ्या मते या विषयातली खरी गोष्ट एवढी एकच आहे.

सुरुवात टॉमस बेज या इंग्रज पाद्र्यापासून करायला हवी. तो १७६१ मध्ये वारला. त्याच्या कागदपत्रांतला निबंध त्याचा मित्र रिचर्ड प्राइस याने १७६३ मध्ये रॉयल सोसायटीपुढे ठेवला. बेजने एका सपाट टेबलाची कल्पना केली होती. आपण कॅरम बोर्ड घेऊ. तुम्ही पाठमोरे बसा. मी एक सोंगटी डोळे मिटून बोर्डावर टाकतो, ती कुठेही पडू शकते. ती आपली खूण. मग एकेक सोंगटी टाकत जातो आणि दर वेळी एवढंच सांगतो की ती खुणेच्या डावीकडे पडली की उजवीकडे. समजा दहा टाकल्या, सात डावीकडे पडल्या. अकरावी डावीकडे पडण्याची संभाव्यता किती?

दहात सात, असं चटकन तोंडात येतं. पण बोर्डाकडे नीट पाहा. खूण धरून अकरा सोंगट्या आहेत. डावीकडून उजवीकडे पाहिलं तर त्यांच्यामुळे बोर्डाचे बारा पट्टे पडलेत, काही अरुंद, काही रुंद. कोणता केवढा, हे पाठमोऱ्या माणसाला ठाऊक नाही; त्याच्या लेखी नवी सोंगटी बारांपैकी कोणत्याही पट्ट्यात सारख्याच शक्यतेने पडेल. खुणेच्या डावीकडे सात सोंगट्या, म्हणजे आठ पट्टे. उत्तर ८/१२. यात कलनशास्त्र नाही, बीजगणितही जेमतेम. जे पाहिलं त्यात दोन्ही बाजूंनी एकेक न पाहिलेली सोंगटी मिळवायची, मग भागाकार करायचा. हा नियम लाप्लासच्या नावाने ओळखला जातो, कारण १७७४ मध्ये त्याने तो बेजशी संबंध न येता स्वतंत्रपणे मांडला आणि पुढे आयुष्यभर वापरला.

वरचा जादा 'एक' मला फार आवडतो. दहापैकी दहा वेळा डावीकडे पडली तरी नियम ११/१२ म्हणतो, 'नक्की' म्हणत नाही. एकही सोंगटी टाकली नसेल तेव्हा १/२ म्हणतो. जे अजून घडलेलं नाही त्यासाठी पंगतीत एक पान मांडून ठेवण्याची ही रीत आहे.

लाप्लासने १८१४ च्या आपल्या निबंधात हाच नियम सूर्याला लावला आणि पुढची दोनशे वर्षं टिंगल ओढवून घेतली. इतिहासाची पाच हजार वर्षं धरली तर १८,२६,२१३ दिवस सूर्य उगवला आहे. तेव्हा उद्या तो उगवण्याच्या बाजूने १८,२६,२१४ ला १ अशी पैज लावता येईल, असं त्याने लिहिलं. टिंगल करणारे पुढचं वाक्य वाचत नाहीत. तिथेच तो म्हणतो की दिवस आणि ऋतूंचं तत्त्व ज्याला कळलं आहे त्याच्यासाठी ही खात्री कितीतरी मोठी आहे. म्हणजे त्यालाही माहीत होतं की नुसती मोजणी ही दुसरं काहीच ठाऊक नसलेल्या माणसाची मोजणी असते.

त्यावर सगळ्यात टोकदार टीका केली इंग्रज तर्कशास्त्रज्ञ जॉन वेन याने, गणिताच्या पुस्तकांतल्या वर्तुळांच्या आकृत्यांवर ज्याचं नाव आहे तोच. त्याने तीन उदाहरणं शेजारी शेजारी ठेवली. लागोपाठ तीन दिवस पाऊस पडला. तीनदा कोंबड्यांना विष घातलं आणि तिन्ही वेळा त्या मेल्या. तीनदा आग लागल्याची खोटी आरोळी ठोकली आणि तिन्ही वेळा लोक धावून आले. नियमाचं तिन्हींना उत्तर एकच, ४/५. पावसाचं काही सांगता येत नाही. विषाने चौथ्यांदाही कोंबडी मरणारच. आणि चौथ्या आरोळीला येणारे कमी होतील, कारण मोजली जाणारी माणसंही मोजत असतात. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

विसाव्या शतकात ब्रूनो द फिनेत्ती या इटालियन गणितज्ञाने या वादाची गाठ सोडवली, निदान कुठे आहे ते दाखवलं. मणी कोणत्या क्रमाने आले याने आपल्याला काहीच फरक पडत नसेल, सात एक आणि तीन शून्यं कशीही ओवली तरी आपला विश्वास तोच राहत असेल, तरच नुसती बेरीज पुरते. नाण्याच्या बाबतीत हे पटतं. फळ्यावरच्या खुणांच्या बाबतीत पटत नाही; तिथे क्रमच सगळं काही आहे.

क्रमाचा हिशेब ठेवायला शिकवलं ते आंद्रेई मार्कोव्ह या रशियन गणितज्ञाने, आणि तेही एका काव्यावर. पुश्किनच्या 'येव्गेनी अनेगिन' या पद्यकादंबरीची पहिली २०,००० अक्षरं घेऊन त्याने स्वर कोणता, व्यंजन कोणतं याची हाताने मोजणी केली आणि १९१३ मध्ये ती मांडली. स्वर ८,६३८ निघाले, म्हणजे साधारण ४३ टक्के. पण स्वरानंतर पुन्हा स्वर फक्त १२.८ टक्के वेळा येतो, व्यंजनानंतर ६६.३ टक्के वेळा. मागचं एक अक्षर ठाऊक असणं एवढी मोठी बातमी असते. ज्याने कवितेकडे अशा अरसिक नजरेने पाहिलं त्याच्याबद्दल मला नेहमीच आदर वाटत आला आहे.

आता आपल्या फळ्याकडे परत येऊ. भुजंगप्रयातात कितीही चरण लिहा, एकूण मोजणी करणारा दर वेळी 'गुरू' म्हणेल आणि तिनात दोनदा बरोबर येईल. एक अक्षर मागे पाहणारा लघुनंतर गुरू हे कधीच चुकणार नाही, पण गुरूनंतर काय, यावर अडेल, कारण तिथे निम्म्या वेळा लघु आणि निम्म्या वेळा गुरू येतो. दोन अक्षरं मागे पाहणारा कधीच चुकत नाही: लघु-गुरूनंतर गुरू, गुरू-गुरूनंतर लघु, गुरू-लघुनंतर गुरू. मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत. लहानपणी ते म्हणताना आपल्या जिभेला ही दोन अक्षरांची स्मृती असते, गणिताचा गंधही नसताना.

मग आणखी मागे का पाहू नये, दहा अक्षरं, वीस अक्षरं? कारण स्मृती फुकट मिळत नाही. एक अक्षर मागे पाहायचं तर वहीत दोन रकाने लागतात, दोन अक्षरांना चार, दहा अक्षरांना १,०२४. माळ मात्र तेवढीच. रकाने वाढले की बहुतेक रिकामे राहतात आणि रिकाम्या रकान्याजवळ सांगण्यासारखं काही नसतं. तो लाप्लासच्या नियमाने १/२ म्हणून मोकळा होतो. थोडं आठवणारा गणक घाईने ठरवतो, फार आठवणारा ठरवूच शकत नाही. किती आठवायचं, हा या विषयातला रोजचा व्यावहारिक प्रश्न आहे आणि त्याला एकच एक उत्तर नाही.

पावसाला एका दिवसाची स्मृती बऱ्याच अंशी पुरते, असं दाखवणारं गाजलेलं काम तेल अवीवच्या नोंदींवरचं आहे. गेब्रिएल आणि नॉयमन यांनी १९६२ मध्ये तिथल्या पावसाळी हंगामांचे २,४३७ दिवस तपासले. कोरड्या दिवसानंतर पाऊस पडण्याची संभाव्यता ०.२५ निघाली, पावसाच्या दिवसानंतर ०.६६. कोकणात झड लागते आणि मग उघडीप मिळते, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. त्या कामात त्याच अनुभवाला आकडे मिळाले. पण मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला उद्या पाऊस पडेल का, एवढंच विचारायचं नसतं. पेरून घेतलं आणि पावसाने ओढ दिली तर दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो. थांबलो आणि पाऊस झाला तर वापसा हुकतो. दोन्ही चुकांची किंमत वेगळी. संभाव्यता ०.६ असली म्हणजे 'हो' म्हणायचं, असं गणित त्याच्या बांधावर चालत नाही.

याच्या उलट टोकाला आहे नाणं, ज्याला स्मृतीच नाही. स्मृती आपल्याला असते आणि आपण ती नाण्यावर लादतो. मोंटे कार्लोच्या जुगारघरात १९१३ च्या ऑगस्टमध्ये चक्रावर लागोपाठ २६ वेळा काळा रंग आला. आता लाल येणारच म्हणून लोक पैसे ओतत राहिले आणि बुडाले. त्याच्या शंभर वर्षं आधी लाप्लासने लिहून ठेवलंय की मुलगा व्हावा अशी आस लागलेले बाप त्या महिन्यात शहरात मुलगे फार जन्मले म्हणून हिरमुसत, जणू मुलग्यांचा कोटा संपला. मी वर्गात निम्म्या मुलांना नाणं शंभर वेळा उडवायला सांगतो आणि उरलेल्यांना मनानेच छापा-काटा लिहायला. कोणता कागद खोटा हे बहुधा लगेच सांगता येतं. खऱ्या नाण्यात सलग पाच किंवा त्याहून जास्त सारखे कौल शंभरांतल्या सुमारे ९७ कागदांवर सापडतात. मनाने लिहिणारा चौथ्यालाच बिचकतो.

पण मोजणारेही फसतात, हे अलीकडचं आहे. नाणं तीनदा उडवा आणि छाप्यानंतरच्या फेकींत पुन्हा छापा येण्याचं प्रमाण काढा. आठ शक्य माळांपैकी दोहोंत पहिल्या दोन जागी छापाच नाही, त्या सोडा. उरलेल्या सहांतली प्रमाणं १, १/२, ०, ०, १, ० अशी येतात. सरासरी? १/२ नव्हे, ५/१२. मला हे पटायला दोन दिवस आणि बरेच कागद लागले. लागोपाठ नेम साधले की बास्केटबॉल खेळाडूंचा 'हात बसतो' आणि पुढचाही साधतो, हा भ्रम आहे, असं १९८५ मध्ये एका प्रसिद्ध अभ्यासाने म्हटलं होतं. मिलर आणि सानहुर्हो या दोघांनी २०१८ मध्ये दाखवलं की त्या मोजणीत नेमका हाच तिरपेपणा शिरला होता. छोट्या माळा तुकड्यातुकड्यांनी मोजणाऱ्यांनी हे उदाहरण भिंतीवर लावावं.

आतापर्यंतच्या माळा निसर्गाच्या होत्या. समोर माणूस असला की खेळ बदलतो. चिंचोके मुठीत धरून 'एकी की बेकी' विचारणाऱ्या भावंडाला फसवायचं असतं. तुम्ही त्याचा अंदाज घेता, तो तुमच्या अंदाजाचा. एडगर ॲलन पो याच्या १८४४ च्या एका कथेत असाच खेळ सगळ्या शाळेविरुद्ध जिंकणारा मुलगा आहे. सिद्धान्त सांगतो की निव्वळ नाणं उडवून खेळाल तर तुम्हाला कुणीच हरवू शकणार नाही. अडचण एवढीच की माणसाला नाण्यासारखं वागता येत नाही.

१९५० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डेव्हिड हॅगलबार्गर याने असा खेळ खेळणारं यंत्र बांधलं. ९,७९५ डावांपैकी त्याने ५,२१८ जिंकले. साधारण ५३ टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं, पण इतक्या डावांत हा निव्वळ योगायोग असणं जवळजवळ अशक्य. मग क्लॉड शॅनन याने त्याहून साधं यंत्र केलं. त्याच्या स्मृतीत आठच खाने होते. खेळाडू आधी जिंकला की हरला, मग त्याने खेळी बदलली की तीच ठेवली, त्यानंतर जिंकला की हरला: तीन प्रश्न, आठ परिस्थिती. प्रत्येक खान्यात एवढीच नोंद की या परिस्थितीत गेल्या दोन वेळा गड्याने काय केलं. दोन्ही वेळा एकच केलं असेल तर तो आताही तेच करील असं धरायचं. नाहीतर यंत्र वाटेल ते खेळे. पंच म्हणून तिसरं यंत्र बसवून दोघांची झुंज लावली, तेव्हा शॅननचं छोटं यंत्र जिंकलं. त्याने छापा किती, काटा किती हे मोजलंच नव्हतं. हरल्यावर माणूस काय करतो, हे मोजलं होतं.

मग सगळ्यांवर मात करील असा एखादा नियम असेल का? नाही, आणि याचा पुरावा दोन ओळींचा आहे. तुमचा नियम कितीही हुशार असो, ठराविक लांबीच्या सगळ्या शक्य माळांवर तो वापरला तर बरोबर निम्म्याच वेळा खरा ठरतो, कारण तो जे म्हणेल त्याच्या पुढे ० असलेली आणि १ असलेली अशा दोन्ही माळा यादीत असतात. थॉमस कव्हर याने १९६० च्या दशकात या मर्यादेत राहूनही काय साधता येतं ते नेमकं मांडलं. त्याच्या आधी १९५७ मध्ये जेम्स हॅनन याने वाट दाखवली होती. त्यांचा प्रश्न उलटा होता: माळ संपल्यावर मागे वळून पाहताना, हाताशी असलेल्या सल्लागारांपैकी जो सर्वांत बरा ठरला असता त्याच्यापेक्षा मी फार मागे तर नाही ना? या फरकाला गणितात पस्तावाच म्हणतात, आणि तो माळेच्या लांबीच्या मानाने नगण्य ठेवता येतो, माळ कुठून आली याबद्दल काहीही न मानता. या पंथात संभाव्यता निसर्गात नाही, गणकाच्या हिशेबात आहे.

हे सगळं आज का वाचायचं? तुमच्या फोनमधलं प्रोसेसर पुढच्या सूचनेची वाट पाहत थांबत नाही. 'अट खरी ठरली तर इकडे, नाहीतर तिकडे' असा फाटा आला की ते उत्तर कळायच्या आधीच अंदाजाने एका वाटेने धावतं, चुकलं तर केलेलं काम टाकून देतं. जेम्स स्मिथ याने १९८१ मध्ये मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक फाट्याला चार पायऱ्या दिलेल्या असतात: नक्की हो, बहुधा हो, बहुधा नाही, नक्की नाही. एका अपवादाने एकच पायरी हलायचं, एकदम मत बदलायचं नाही. दहा वर्षांनी ये आणि पॅट यांनी त्याला मागच्या काही कौलांची स्मृती जोडली आणि अंदाज एकदम सुधारले. फळ्यावर दोन अक्षरं मागे पाहणारा जिंकला तो याच कारणाने. २०१८ च्या जानेवारीत 'स्पेक्टर' नावाची खोट उघडकीला आली, तेव्हा कळलं की प्रोसेसरच्या अंदाजाला मुद्दाम चुकीची सवय लावून त्याच्याकडून गुपितं काढता येतात. वेनच्या चौथ्या आरोळीची ही आधुनिक आवृत्ती. व्हिडिओ दाबून लहान करतानाही हेच चालतं: पुढचा बिट जितका नीट ओळखता येतो तितका तो पाठवायला कमी जागा लागते. आणि पुढचा शब्द सुचवणारी जी भाषायंत्रं आज चर्चेत आहेत, त्यांच्या वंशवेलीत मार्कोव्हची ती हाताने केलेली मोजणी मुळाशी आहे.

पुस्तकाबद्दल थोडं. अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी येणाऱ्याला ते वाचता यावं, एवढी अट मी स्वतःला घातली होती. दोन ठिकाणी ती मोडली आहे आणि तिथे तसं सांगितलं आहे. पारिभाषिक शब्द पाठ्यपुस्तकातले ठेवलेत, पण जिथे ते घशात अडकतात तिथे माळ, रकाना, कौल हे घरचे शब्द वापरलेत. पंथांची बाजू मांडताना प्रत्येकाला त्याच्या सोयीची माळ दिली आहे, म्हणजे त्याचं बळ दिसतं; आणि मग गैरसोयीची. शेअर बाजारावर प्रकरण नाही. व्याख्यानानंतर तोच प्रश्न हमखास येतो, त्याचं उत्तर वेनच्या परिच्छेदात देऊन झालं आहे. पेन्सिल आणि एक नाणं जवळ ठेवून वाचावं, कारण बरीच उदाहरणं नुसती वाचून पटत नाहीत.

पहिलं उदाहरण इथेच देतो. गण पाठ करायला आपण जे सूत्र घोकलं ते, यमाताराजभानसलगं. त्याच्या खुणा मांडा: लघु, गुरू, गुरू, गुरू, लघु, गुरू, लघु, लघु, लघु, गुरू. कुठूनही सलग तीन अक्षरं उचला, एक गण मिळतो. आठही गण एकेकदाच येतात. आता अकरावी खूण कोणती ते सांगा. एकूण मोजणीत पाच लघु, पाच गुरू, म्हणजे बरोबरी. दोन अक्षरं मागे पाहा: शेवटचे लघु-गुरू यापूर्वी दोनदा आलेत, एकदा पुढे गुरू आला, एकदा लघु. पुन्हा बरोबरी. तीन मागे पाहिलं तर शेवटची तिकडी आधी आलेलीच नाही, रकाना रिकामा. मग पहिली दोन अक्षरं आणि शेवटची दोन अक्षरं एकमेकांखाली लिहून पाहा.